मी सांगीपर्यंत

माझ्या मुलीला शाळेत ‘माझा आवडता छंद’ हा निबंध आला, तेव्हा बाकीच्या मुलांनी चित्रकला, पोहणे, क्रिकेट असं शहाण्यासारखं लिहिलं. गौरजाने लिहिलं, ‘गाऱ्हाणं घालणे’. तिच्या बाई घाटावरच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. त्यांनी मला फोन करून हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीक काहीच नाही, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही.

आमच्या सिंधुदुर्गात गाऱ्हाणं म्हणजे देवाशी चारचौघांत मोठ्याने केलेलं बोलणं. लग्न ठरो, विहीर खणायची असो, नाहीतर कोणी ब्युटी पार्लर काढो, आधी नारळ ठेवून एका जाणत्या माणसाने देवाला काय ते नीट समजावून सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यानंतर ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. हे ‘होय’ हजर असलेल्या सगळ्यांचं यायला हवं. एकानेही तोंड मिटून धरलं तर गाऱ्हाणं अर्धं राहतं, असं माझे सासरे म्हणतात आणि वालावलात आमच्या वाडीत या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. परशुराम त्यांचं नाव. आम्ही बाबा म्हणतो. भातशेती, काजू, थोडे माड आणि गावभरची गाऱ्हाणी एवढा त्यांचा व्याप. सासूबाई गेल्यावर घरात त्यांना ऐकून घेणारं कोणी उरलं नाही, तेवढ्यात ही जन्मली. चालायला लागल्यापासून ते तिला सगळीकडे बरोबर नेतात. ‘होय म्हाराजा’ हे ती ‘आई’च्या आधी बोलायला शिकली, असं ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात. त्यात कौतुक कसलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी कुडाळला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. दिवसभर पोरांना सांगायचं की का आणि कसं हे विचारत जा, आणि घरी यावं तर ही नऊ वर्षांची बया बंद पडलेल्या मिक्सरपुढे हात जोडून उभी. ‘बा देवा म्हाराजा, आईचो मिक्सर चालू कर आणि तिचो राग शांत कर.’ मिक्सर दुरुस्तीला द्यावा लागला. रागाला दुरुस्तीचं दुकान नाही, म्हणून तो घरीच राहिला.

गणिताच्या पेपरला जाताना गाऱ्हाणं, काजूच्या मोहराला गाऱ्हाणं, दात पडला तर गाऱ्हाणं. एकदा कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी काढताना बाबांकडून ऐकलेलं सगळं एका दमात म्हणून मोकळी झाली. त्यात ‘एकाचे एकवीस कर म्हाराजा’ हेही आलं. गोचिडींनी ते मनावर घेतलं आणि मी आठवडाभर घर धूत बसले. वर हिची समजूत अशी की चूक तिची नाही, देवाने नीट ऐकलं नाही.

रडणाऱ्या मुलाला समजावता येतं. ही रडत नाही, वाद घालते. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाही. बाबांना हे सांगावं तर ते म्हणतात, तुझ्यावर गेली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, आणि आमच्या घरात अशी शेपटं दोन. खऱ्या कुत्र्याचं तिसरं.

तो कुत्रा म्हणजे बांगडो. माझं लग्न झालं त्याच वर्षी तो आला. मासेवाली काशीबाई टोपली घेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसली होती, मी भाव करत होते, आणि कुठूनसं आलेलं एक तांबडं पिल्लू टोपलीत तोंड घालून एक बांगडा घेऊन तुळशीमागे पसार झालं. नाव तिथल्या तिथे पडलं. नव्या सुनेने, म्हणजे मी, पाहुण्यांसाठी तळून ठेवलेले मासेही त्यानेच खाल्ले आणि पाहुण्यांना आमटीभातावर भागवावं लागलं. माझ्या लग्नातल्या चपला त्याने चावल्या. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्यांची माटवी बांधतो, तिच्यातली काकडी एका वर्षी त्याने उडी मारून पळवली. वाळत घातलेल्या आमसुलांवर तर तो झोपायचाच. त्याच्यावर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की वर्गात मला टेबलावर डस्टर आपटावं लागत नाही. आणि त्या निर्लज्जाला ओरडणं म्हणजे लाड वाटायचे. मी जितकी चढ्या आवाजात, तितकी त्याची शेपटी जोरात.

गौरजा उभी राहायला शिकली ती त्याच्या मानेला धरून. ती पडली की तो खाली बसायचा, म्हणजे तिला पुन्हा धरता यावं. ती शाळेत जायला लागल्यापासून संध्याकाळी भिकाजीच्या रिक्षाचा आवाज वळणावर आला की हा धावत बेड्याशी, म्हणजे आमच्या कुंपणाच्या बांबूच्या फाटकाशी जाऊन उभा. तिचं दप्तर हुंगायचं, डबा हुंगायचा आणि पुढे पुढे चालत तिला घरात आणून सोडायचं. इतकं चोख काम त्या घरात दुसरं कोणी करत नव्हतं.

यंदा चतुर्थी झाली आणि त्याचे मागचे पाय गेले. डोळे आधीच पांढरे झाले होते. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दीपेश येऊन बघून गेले. ऑफिसातल्या मराठीत, हळू आवाजात मला म्हणाले, “मॅडम, वय झालंय. मूत्रपिंडंही गेलीत. आता औषध म्हणजे त्याला नुसता त्रास. दुखणं वाढलं की फोन करा, मी इंजेक्शन देईन. झोपेत जाईल.” मला पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण पडवीच्या खांबाआड उभं राहून गौरजाने सगळं ऐकलं, बाहेर आली आणि डॉक्टरांना म्हणाली की तुम्ही पुन्हा येऊ नका.

तिथून आमच्या घराला जे ग्रहण लागलं ते लागलं. भातकापणीचे दिवस. खळ्यात भाताच्या पेंढ्या येऊन पडतायत, माणसांची ये-जा चाललीय, आणि बरोबर मधोमध पडवीच्या तोंडाशी पोत्यावर हा आडवा. हलवावा तर विव्हळतो, न हलवावा तर सगळे त्याला ओलांडतात. खाणं त्याने सोडलं होतं. गौरजाच्या ओंजळीतून तेवढं पाणी प्यायचा. अंगाला चट्टे पडले. पोतं रोज धुवायचं, त्याला पुसायचं, कूस बदलायची, आणि हे सगळं कोणी, तर अर्थात मी. गौरजा त्याच्या डोक्याशी बसून मला सूचना द्यायची. माझा नवरा मंगेश तारकर्लीला एका लॉजची देखभाल बघतो. दिवाळीचा मोसम तोंडावर, त्याला सुटी नाही. फोन केला की म्हणायचा, तू बघ काय ता. हे वाक्य आमच्या घरचे पुरुष पाळण्यातच शिकतात.

दुखणं वाढलं तशी मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांची मोटरसायकल दिसताच गौरजा कुत्र्यावर पालथी पडली आणि उठेना. ओढून काढायला गेले तर कुत्राच कळवळला. डॉक्टर चहा घेऊन गेले. मी तिला सगळं सांगितलं: मूत्रपिंड म्हणजे काय, ते बंद पडलं की काय होतं, वेदना कशा होतात. वहीत आकृती काढून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, पण तो मरूचो नाय, मी बघलंय ता. एवढी खात्री पोरीला कुठून आली ते मला कळेना.

कळलं ते एका नारळामुळे. सोलकढीसाठी सोलून ठेवलेला माझा नारळ मध्यंतरी नाहीसा झाला होता. आमच्याकडे काही नाहीसं झालं की माकडांवर घालायची पद्धत आहे, तशी मी घातली होती. डॉक्टर दुसऱ्यांदा येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी मागच्या पोफळींत गेले, तर तिथे जागेच्या राखणदाराचा जो दगड आहे, त्याच्यापुढे माझा नारळ. शेजारी विड्याचं पान आणि त्यावर ग्लुकोजची बिस्किटं.

मी तिला हाताला धरून तिथे नेलं आणि विचारलं, हे काय. तिने काही लपवलं नाही. डॉक्टर पहिल्यांदा येऊन गेले त्याच दिवशी तिने बांगड्याला पोत्यावरून ओढत इथे आणलं होतं आणि राखणदाराला रीतसर गाऱ्हाणं घातलं होतं, की मी सांगीपर्यंत बांगड्याक नेव नको.

मी म्हटलं, आणि ‘होय’ कोण म्हणालं?

“बांगडो होतो मा थय,” ती म्हणाली. “त्याना शेपटी हलवल्यान.”

मी कपाळाला हात लावला आणि तडक बाबांकडे गेले. म्हटलं, तुम्हीच हे शिकवलंत, तुम्हीच निस्तरा. तिला सांगा की असं काही नसतं. निदान तुम्ही स्वतः गाऱ्हाणं घालून ते मोडून टाका. बाबा पेंढ्या रचत होते. त्यांनी हातातलं काम ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि तोंड असं गंभीर केलं, जसं काही मी ग्रामपंचायतीचा ठराव आणलाय.

“ज्या तोंडान मागला, त्याच तोंडान परत करूक होया,” ते म्हणाले. “मी घालून चलाचा नाय.”

मी म्हटलं, बाबा, किडनीला गाऱ्हाणं ऐकू येत नाही. ते म्हणाले, किडनीला येत नसेल, पण पोरीला येतं. तिच्या नकळत डॉक्टरांना आणलंस तर तिने दिलेला शब्द आपण खोटा पाडला असं होईल, आणि ती देवाला नाही, तुला धरील. बाबांचं म्हणणं बरोबर असलं की मला जास्त राग येतो. मी तरातरा आत गेले आणि जी भांडी घासलेली होती तीच पुन्हा घासली.

म्हणजे आता सगळी किल्ली हिच्या हातात. तो विव्हळणार, मी पोतं धुणार, आणि ही बाई सांगेपर्यंत कोणी काही करायचं नाही. रोज विचारायचं, रोज नाही. मी चिडून विचारलं, त्याचे हाल तुला दिसत नाहीत का? म्हणाली, दिसतात. मग? मग काही नाही. वर तोंड करून मलाच विचारते, आई, तू मेली असतीस आणि मी राखणदाराला सांगून तुला ठेवून घेतलं असतं तर तुला आवडलं नसतं का? मी म्हटलं, या घरात? नको.

तेवढ्यात तिने नवीनच सुरू केलं. शाळेतून उशिरा यायला लागली. आणि येणार ती पुढून नाही, मागच्या दाराने, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. मी स्वयंपाकघर पुसायचं आणि हिने त्यावर पावलं उमटवायची. ओरडले तर ओठ मिटून उभी. शेवटी भिकाजीला रस्त्यात गाठलं. तो बिचारा गांगरला. म्हणाला, बाय देवळाकडेच उतरतात, म्हणतात मी चलत जातंय, तू रिक्षा फुडे नेव नको. माझा पारा चढला. देवळाकडून तळ्याच्या काठाने, एकटी, सापकिरडाच्या दिवसांत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून लवकर निघाले आणि मागच्या दाराआड उभी राहिले. आज हिची गय करायची नाही असं ठरवूनच.

ती पोफळींतून आली. चपला हातात, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. पाण्याची बाटली डब्यावर आपटून वाजू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये रुमाल कोंबलेला. पाऊल टाकत होती ते चोरासारखं. मी तोंड उघडलं, तर तिने धावत येऊन चिखलाचा हात माझ्या तोंडावर ठेवला.

“बोला नको,” ती कुजबुजली. “रिक्षाचो आवाज इलो काय बांगडो उठाक बघता. अर्धो उठता आणि पडता. हनवटी आपटता त्याची. म्हणान मी गुपचूप येतंय.”

रिक्षा यायची तेव्हा मी अजून शाळेतच असायची. मला हे कधी दिसलंच नव्हतं.

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. घरात कसलाच आवाज नव्हता. मग पडवीत पोतं खसखसलं. जमिनीवर नखं घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग धप्प झालं. आणि त्याचं ते बारीक विव्हळणं.

गौरजाने माझ्या तोंडावरचा हात काढला. “वास येता त्याका,” ती म्हणाली. “मी खयसूनय इलंय तरी कळता.”

ती पायरीवर बसली. रडली असती तर बरं झालं असतं, मी जवळ तरी घेतली असती. ती पायाचा चिखल नखाने खरवडत बसली आणि मग तिने विचारलं, मी आलेच नाही तर तो उठणार नाही ना? मी म्हटलं, नाही उठणार. पण मग तू कुठे जाशील? याचा तिने खरोखरच विचार केला. तारकर्लीला मंगेशकडे जाऊन राहता येईल, असं म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, पण मग तो वाट बघेल. तिचा चेहरा एवढासा झाला होता. आणि तरी मी काय म्हणाले, तर आधी पाय धू.

पाय धुऊन ती आत गेली, बांगड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, डॉक्टरांना उद्या बोलव. पण आधी मला एक नारळ लागेल, आणि या वेळी तो सोलकढीचा नको, चांगला दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राखणदारापाशी जमलो. बांगड्याला बाबांनी पोत्यासकट उचलून आणलं होतं. भिकाजी न बोलावता आला होता. डॉक्टर दीपेश बॅग घेऊन एका बाजूला उभे होते, त्यांना पुढे आणखी कुठल्या तरी म्हशीकडे जायचं होतं. बाबांनी विचारलं, मी सुरुवात करून देऊ का. गौरजाने नकारार्थी मान हलवली आणि सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. डॉक्टरांनी मुकाट्याने बूट काढले.

“बा देवा म्हाराजा,” तिने अगदी बाबांच्या सुरात सुरू केलं. “जागेच्या राखणदारा म्हाराजा. मी परशुरामाची नात, गौरजा. बांगड्याक मी सांगीपर्यंत नेव नको म्हणान मी तुका सांगलंय, ता तू आयकलंस.”

“होय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

“पण आता त्याका लागता. माझो वास इलो काय तो उठता आणि पडता.”

“होय म्हाराजा.”

मग तिने जी यादी सुरू केली ती संपेना. त्याला फटाक्यांची भीती वाटते, तर दिवाळीच्या आधी ने. वाटेत दुसऱ्या कुत्र्यांना त्याच्या अंगावर येऊ देऊ नको. बांगडा दिलास तर काटे काढून दे, आता त्याला दात नाहीत. आमसुलांवर झोपला तर मारू नको. भिकाजी ‘होय’ म्हणता म्हणता डोळे पुसत होता, डॉक्टर घड्याळाकडे बघायचं विसरले होते, आणि मला तिला सांगावंसं वाटत होतं की बाई गं, आवर आता. आवरू नये असंही वाटत होतं.

“आई त्याका ओरडता, ता मनार घेव नको,” ती म्हणाली. “ती सगळ्यांकच ओरडता.”

“होय म्हाराजा,” बाबा जरा जास्तच जोरात म्हणाले.

“तर आता मी सांगतंय. आता त्याका घेवन जा.”

बाबांचं ‘होय’ आलं, भिकाजीचं आलं, डॉक्टरांचंही आलं. माझं आलं नाही. मीच डॉक्टरांना फोन केला होता, एकदा नाही, तीनदा. मीच आकृती काढून दाखवली होती. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

गौरजाने एक डोळा उघडला. “आई, होय म्हण. अर्धा रवतला.”

मी मान हलवली. तिने सांगितलं की मान चालत नाही. बाबा जमिनीकडे बघत थांबले. बांगड्याच्या मानेवरचे केस वाऱ्याने हलत होते. माझ्या लग्नानंतर या घरात जे जे आलं, त्यात सगळ्यात आधी हा आला होता. या घरात माझ्या ओरडण्याला कोणी खूश झालं असेल तर हा एकटा. आणि समोर ही नऊ वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून उभी, अगदी मी वर्गात उभी राहते तशी.

“आई, किती येळ?” ती वैतागून म्हणाली. “त्याका लागता हा.”

मग मला जे येतं तेच मी केलं. ओरडले. “होय म्हाराजा!” शेजारच्या वाडीत ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्याने.

डोळे गेलेल्या त्या कुत्र्याने माझा आवाज ओळखला. आज आपण काय पळवलंय कोण जाणे, असं त्याला वाटलं असावं. त्याची शेपटी पोत्यावर हलली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

गौरजा खाली बसली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कान नीट केला आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाली, “आता इंजेक्शन चलात.”